एकला थांबायचं, दोनला निघायचं: नवघर ते पाली

इतकी वर्षं या ब्लॉगवर प्रवास लिहितोय. सर्वांत लांबचा होता लडाखचा. सर्वांत अवघड हा, नवघर ते पाली. नवघर भाईंदर पूर्वेला, पाली उत्तनच्या पुढे समुद्रकाठी. दोन्ही ठिकाणं एकाच महापालिकेत, तरी आमच्या घराला तिथे पोहोचायला आठ महिने लागले.

कारण सांगतो. आमच्या निनादने पालीची रीटा पसंत केली. तिच्या वडिलांची मासेमारीची बोट, घर ख्रिश्चन. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. आमच्या सौ. म्हणजे सुलभा आठ महिने 'नाही' म्हणत होती आणि मग एके दिवशी मेथी निवडता निवडता 'बरं' म्हणाली. साखरपुडा रविवारी ठरला. शुक्रवारी निनादने उरलेली बातमी दिली.

"तिकडे आमच्या दोघांच्या नाचानंतर मुलाच्या आईवडिलांनी नाचायचं असतं. चा-चा-चा. नाही नाचलात तर अख्ख्या पालीला वाटेल, आईला मुलगी पसंत नाही."

"आणि बाबांना पसंत आहे की नाही, ते?" मी विचारलं.

"तुमचं कोण विचारतंय, बाबा?"

पाठोपाठ व्याही आंतोन यांचा फोन आला. "शनिवारीच या दोघं. ऱ्हायला वरची खोली हाय. नाच मी शिकवतो, चार तासांचं काम."

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: भाईंदर पूर्वेहून आधी पश्चिमेला या, स्टेशनबाहेरून चौक गावची बस धरा. दोघांच्या तिकिटात एक वडापाव येईल. डावीकडची खिडकी की उजवीकडची, हा वाद घालू नका. शनिवारी सकाळी खिडकी मिळत नाही. मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं जातात. मधे मिठागरं, आणि त्यांच्यापलीकडे टॉवरच्या जाहिराती, ज्यांत समुद्र दाखवलेला असतो आणि मिठागर पुसलेलं असतं. उत्तननंतर हवेला वास येतो. सुलभाने पदर नाकाला लावला, मग मी बघतोय हे पाहून खाली घेतला.

पालीची गल्ली एवढी अरुंद की समोरून स्कूटर आली तर कोणी मागे जायचं हे आधी ठरवावं लागतं. बांबूंवर बोंबील वाळत होते. आंतोन हाफपॅन्टमध्ये दारात उभे. मुलीकडचा माणूस असा स्वागताला येतो, हे पाहून माझ्यातला मुलाचा बाप जरा दुखावला. मग तळलेले ताजे बोंबील आणि तांदळाची भाकरी आली आणि तो बाप निमूट जेवला.

जेवणानंतर अंगणात शिकवणी. आंतोन म्हणाले, "पहिल्या एकला काय करायचं न्हाय. नुसतं ऐकायचं. दोनला डावा पाय पुढं, तीनला उजव्यावर मागं वजन, मंग तीन बारीक पावलं, चा-चा-चा. शेवटचा चा पडतो तो पुढचा एक."

ऐकायला सोपं आहे. पण मी गावच्या जाखडीत वाढलेला माणूस. गणपतीत पायात घुंगरू बांधून गोल फिरायचं आणि पाय आपटायचा, एवढंच माझ्या पायांना ठाऊक. प्रत्येक 'चा'ला मी अंगणाला दणका देत होतो. ओट्यावर बसलेली रीटाची आत्या, रोझा, मासे साफ करता करता म्हणाली, "अवो, जमिनीनं काय केलंय तुमचं? हळू!"

दुसरी अडचण जोडीची. तीस वर्षं मी रस्त्याने चार पावलं पुढे चालतो, सुलभा मागून येते. पाय पुढे टाकला की मी तसाच चालत सुटायचो. हात सुटायचा आणि फाटकाशी गेल्यावर लक्षात यायचं की बायको अंगणाच्या मध्यावर आहे. सुलभाला मात्र पंधरा मिनिटांत जमलं. वीस वर्षं पायाने शिलाई मशीन चालवलंय तिने. बारीक, सारखी पावलं ही तिची रोजची गोष्ट. फक्त ती माझ्याकडे बघेना. "एवढ्या माणसांत कसं बघायचं?" तिने हळूच विचारलं. मला धरून माणसं तीन होती.

संध्याकाळपर्यंत माझे दणके निम्म्यावर आले. आंतोन म्हणाले, "बास. उद्या चालेल."

रविवारी दुपारी मांडव, कीबोर्ड, ढोल, एक तुतारीवाला. अंगठ्या झाल्या. निनाद आणि रीटा नाचले, छान नाचले. गाणं संपलं, दुसरं लागलं. आम्ही पहिल्या रांगेत, तयार.

आता आमच्याकडची रीत अशी की मुलाकडच्यांनी आपणहून उठायचं नसतं. कोणीतरी यावं, नमस्कार करून 'चला ना' म्हणावं. आपण 'असू दे, असू दे' म्हणावं. पुन्हा म्हटलं की उठावं. हे कोणी शिकवत नाही, मुलाचा बाप खुर्चीत बसला की आपोआप येतं.

पालीची रीत मला नंतर कळली. तिथे मुलाच्या आईवडिलांना कोणी बोलावत नाही. बोलावल्यावर उठले तर तो होकार कसला?

तेव्हा आम्ही बसून, ते उभे. आंतोन दुसरीकडे बघत होते, दबाव नको म्हणून. मी ताठ बसलो होतो, मान राहावा म्हणून. आंतोननी फक्त एकला थांबायला शिकवलं होतं, मी पूर्ण गाणं थांबलो. तिसरं लागलं. मागून रोझा आत्याचा आवाज आला, "न्हाय उठत. मंग न्हाय पसंत."

रीटा मांडवाच्या मध्यावर उभी होती, अंगठी बोटात फिरवत. निनादने तिचा हात धरायला हात पुढे केला, तिने बाजूला घेतला.

"अहो, उठा," सुलभा म्हणाली.

"अजून कोणी बोलावलं नाही."

"त्या पोरीचं तोंड बघा. उठता, की मी एकटी जाऊ?"

आणि ती गेली. चार पावलं पुढे ती, मागून मी. मध्यावर पोहोचून तिने सगळ्यांदेखत हात पुढे केला आणि सरळ माझ्याकडे बघितलं. मी 'एक'लाच निघालो, म्हणजे चुकलोच. दोन दणके मांडवाला बसले. "थांबा. आता," ती पुटपुटली. त्यानंतर चार-पाच फेऱ्या आम्ही जे केलं त्याला चा-चा-चा म्हणायला आंतोनसारखं मोठं मन लागतं. ते टाळ्यांनी ठेका धरून होते. मग सुलभाने मला तिथेच सोडलं आणि रीटाचा हात धरून तिला नाचात ओढलं. रीटा रडत होती आणि एकही पाऊल चुकत नव्हती.

परतीची बस दर थोड्या वेळाने असते, पण रविवारी संध्याकाळी उत्तनहून उभ्यानेच यावं लागतं. सोबत वाळलेल्या बोंबलांची पिशवी असेल तर जागा जरा लवकर होते.

घरी आल्यावर काय उरलं, असं अशा लेखांच्या शेवटी विचारतात. माझ्याकडे दुखरी टाच उरली. सुलभाकडे काय उरलं ते सोमवारी कळलं. मजल्यावर मराठी घर आमचं एकच, त्यामुळे चौकशा हिंदीत होतात. समोरच्या भाभींनी दारातच विचारलं, "आंटी, सगाई हो गई? लडकी किधर की है?"

गेले आठ महिने या प्रश्नाला 'इधर की ही है' एवढंच उत्तर असायचं आणि दार लागायचं.

"पाली की," सुलभा म्हणाली. "बोट है उनकी. मच्छी का धंदा."

"अच्छा," भाभी म्हणाल्या.

"और डान्स एकदम बढिया करते हैं. मेरे को भी सिखाया. देखना है?"

दुधाची पिशवी हातात तशीच धरून तिने जिन्याशेजारी डावा पाय पुढे टाकला. भाभींनी दोन चपला बाजूला सारून जागा करून दिली.