देवजीदादाचा तळहात

हेलिकॉप्टर यायच्या आधी देवजीदादा मोखाड्याच्या हेलिपॅडवर उकिडवा बसून काँक्रीटवर तळहात टेकवायचा. पोशेऱ्याचा हा नाचणी पिकवणारा माणूस आमचा तिथला राखणदार. गुरं हाकलायची आणि वॉकीटॉकीवर मला, पायलटला, वारा सांगायचा, एवढंच काम. पण त्याचा विश्वास कशावरच नसे. हवामानाचा अंदाज वाचून दाखवला की विचारायचा, "डोल्यानं बघितला का कोनी?" तो ऑफिसात माझ्या चुगल्या करतो, असा मला दाट संशय होता.

पेशंट नेणाऱ्या आमच्या हेलिकॉप्टरला उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा नवा पडदा बसला, तेव्हा मी त्याला कौतुकाने आत बसवलं. म्हटलं, धुक्यात, धुरातही हा जमीन दाखवतो.

"कसा?"

"गरम जागा पांढरी दिसते, थंड काळी. काँक्रीट सकाळीही ऊब धरून असतं. हा बघा, पांढरा चौकोन."

तो बराच वेळ बघत राहिला. "मंग राब पन पांढराच दिसल, सायेब."

राब म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा पसरून भाजलेली जमीन. मी हसलो, पण आतून झोंबलंच. आता हा मला विमानविद्या शिकवणार.

मे महिन्यात एका सकाळी मोखाड्याहून एका बाळंतिणीला न्यायचं होतं. तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. दरी राबांच्या धुराने भरलेली, बाहेर काही दिसेना. पडद्यावर मात्र पांढरा चौकोन, अगदी स्वच्छ. जीपीएस थोडी वेगळी जागा सांगत होतं, तिकडे मी कानाडोळा केला आणि उतरू लागलो.

वॉकीटॉकीवर देवजीदादा म्हणाला, "सायेब, आवाज लांब चाललाय. कोनाच्या शेतावर चाललाव?"

रागच आला. तरी पडद्यावरची नजर काढून काचेबाहेर पाहिलं. धुरातून उतारावरचे बांध वर येत होते. हेलिकॉप्टर तसंच उचललं आणि त्याच्या सांगण्यावर, अंदाज घेत घेत, हेलिपॅड गाठलं. बाई वाचली.

तिला चढवताना मी म्हटलं, "दादा, राबच होता."

"डोल्यानं बघितला ना? मंग झालं."

त्या सकाळची चौकशी होईल म्हणून मी महिनाभर धास्तावलेलो. कुणीच विचारलं नाही. शेवटी मीच ऑफिसातल्या साहेबांसमोर कबूल केलं, तेव्हा ते चकित झाले. देवजीने त्यांना एक शब्द सांगितला नव्हता. माझी मलाच लाज वाटली.

यंदा उन्हाळ्यात तो गेला. बाराव्याला जीपने पोशेऱ्याला गेलो. घरामागे त्याच्या बायकोने आदल्या संध्याकाळी भाजलेला राब होता. मी उकिडवा बसलो आणि राखेवर तळहात टेकवला.

राब अजून गरम होता.