पिवळं जाकीट

एका दिवसात डोंगर, तळं आणि एकशे बारा वळणं मोटरसायकलवरून दाखवून आणणाऱ्या त्या कंपनीत दोनच माणसं महत्त्वाची होती. एक सगळ्यांच्या पुढे, एक सगळ्यांच्या मागे. पुढचा भाचा, कंपनी त्याची. मागचे त्याचे मामा. गिऱ्हाइकं त्यांना ‘शेवटचे काका’ म्हणत आणि काकांना त्याचा अभिमान होता. फोटोत मात्र ते कधीच नसत, कारण ते पोचेपर्यंत फोटो काढून झालेले असत.

कामाची रीत साधी होती. फाटा आला की भाचा आपल्या लगेच मागच्या गिऱ्हाइकाला तिथे उभं करी. त्याने बाकीच्यांना हात करून रस्ता दाखवायचा आणि पिवळ्या जाकिटातले काका आले की त्यांच्या पुढे निघायचं. काका येईपर्यंत हलायचं नाही, मग आभाळ कोसळो. अकरा वर्षांत फाट्यावर एकही माणूस राहिला नव्हता. काका चष्मा विसरले, किल्ल्या विसरले, एकदा तर बायकोला बाजारात विसरून घरी आले. पण रस्त्यावर माणूस नाही.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी डाव्या डोळ्याला काचबिंदू असल्याचं सांगितलं. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची आणि गाडी बंद. काकांनी डॉक्टरांच्या कागदाची घडी गाडीच्या हत्यारांच्या डब्यात पान्यांखाली सारली आणि घरी ताकास तूर लागू दिली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं सांगायचं तर त्यांना डोळ्यापेक्षा घरी बसण्याची भीती जास्त वाटत होती. ज्याच्या मागे राहून सांभाळावं असं घरात कुणी नव्हतंच, बायको सगळीकडे आधीच पोचलेली असे.

त्या रविवारी बारा गिऱ्हाइकं होती. त्यांत एक निवृत्त मुख्याध्यापिका, नवी कोरी गाडी घेऊन आलेल्या. निघण्यापूर्वी काकांनी सूचना दिल्या, तेव्हा बाईंनी त्या वहीत लिहून घेतल्या. बाकीचे हसले. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

रस्ता नेहमीसारखाच होता. चढावर एकामागे एक वळणं, बांधांवर वाळत घातलेला चारा, मग खाली एकदम तळं. काकांना हे सगळं पाठ होतं आणि अलीकडे ते त्या पाठांतरावरच गाडी चालवत होते. बंद पडलेल्या दूध डेअरीच्या फाट्याला ते उजवीकडे वळले आणि जेवणाच्या थांब्यावर पोचले. सवयीने त्यांनी कट्ट्यावरची गिऱ्हाइकांची हेल्मेटं मोजली. अकरा. पुन्हा मोजली. अकराच.

“बाई कुठायत?” भाच्याने विचारलं. “डेअरीपाशी उभं केलं होतं त्यांना. तुमच्या पुढेच असतील ना, मामा?”

काकांच्या पायाखालची वाळू सरकली. ते तसेच गाडीवर बसले आणि उलटे निघाले.

बाई डेअरीच्या भिंतीपाशी, फाट्याच्या डाव्या अंगाला, भर उन्हात उभ्या होत्या. हेल्मेट डोक्यात, हात रस्ता दाखवत.

“अहो बाई, माझं चुकलं! पण इतका वेळ थांबायचं कशाला?”

“पिवळं जाकीट येईपर्यंत हलायचं नाही, तुम्हीच म्हणालात.”

“ते खरं, पण मी आलोच नाही म्हटल्यावर...”

“आलात की. इथून, चार हातांवरून गेलात. मी हाक मारली, हात हलवला.” बाईंनी हात खाली घेतला. “डावा डोळा ना? सकाळी चहाचा कप चाचपडत होतात. शेवटच्या बाकावरच्या मुलांना फळा दिसतोय का, हे पस्तीस वर्षं बघत आलेय मी.”

काकांनी गाडी बंद केली. “मग माझ्या मागोमाग का नाही आलात?”

“आले असते तर तुम्हाला कळलंच नसतं.”

काकांना रडू आलं. हेल्मेटची काच खाली होती, एवढंच बरं.

“भाच्याला सांगणार तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“मी कशाला सांगू? तुमचं तुम्ही ठरवा. पण पुढच्या रविवारी इथे दुसरं कोणीतरी असेल. ते भिंतीपाशीच उभं राहील असं नाही, रस्त्यातही येईल.”

काकांनी पान्यांखालचा कागद काढला, गाडीला कुलूप लावलं आणि बाईंच्या मागे बसले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते दुसऱ्याच्या गाडीवर बसले होते आणि बाई वळणं फारच हळू घेतात, हे त्यांनी दोनदा बोलूनही दाखवलं.

थांब्यावर काकांनी दिलेला कागद भाच्याने वाचला. त्याचा चेहरा उतरला. “मामा, आधी जेवून घ्या,” एवढंच तो म्हणाला आणि काकांची गाडी आणायला त्याने टेम्पो पाठवला.

परतीला पिवळं जाकीट बाईंच्या अंगावर होतं, गुडघ्यापर्यंत आलेलं. काका त्यांच्या मागे बसलेले. डेअरीच्या फाट्यावर उभा असलेला माणूस त्यांना बघून पुढे निघाला. बाईही निघणार, तेवढ्यात काका म्हणाले, “थांबा जरा.”

त्यांनी मान आधी पूर्ण डावीकडे वळवली, मग उजवीकडे. भिंत बघितली, भिंतीमागचं झाड बघितलं, मग पुन्हा भिंत.

“चला,” ते म्हणाले. “कोणी राहिलं नाही.”