कवडदऱ्याची होडी

कवडदऱ्याच्या शाळेवर मी बदलून गेलो तेव्हा तळ्याकाठच्या बंगल्यात एका खोलीत चित्रकार्डांचे गठ्ठे पडलेले होते. एका कार्डावर बालाघाटाच्या कुशीतलं तळं, इतकं निळं की बीडकडच्या माणसाला खोटंच वाटावं. दुसऱ्यावर बसका बंगला, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, कुंपणावर बोगनवेल. तिसऱ्यावर लाकडी होडी. तिच्यात शहरी कपड्यांतलं एक कुटुंब, आणि टोकाला वल्हं धरून उभा असलेला पटकेवाला माणूस. तो आसाराम. बंगल्याची किल्ली त्याच्याकडेच होती. हे सगळं थोडं त्यानं सांगितलं, थोडं गावानं.

आसाराम जातीचा भोई. उमापूरच्या पलीकडं, गंगेकाठी त्याचं घर. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. बाप नाव चालवायचा, मग हा चालवू लागला. बायको भिवराबाई, मूलबाळ नव्हतं. साठ सालानंतर नदीवर पुलाची मोजणी सुरू झाली, आणि त्याच सुमारास मोहनराव तिथं येऊन थडकले.

मोहनराव मोठे जमीनदार, पुढारी. सोसायट्या काढायचा त्यांना नाद होता. दुधाची काढली, खताची काढली. कवडदऱ्याला सरकारी तळं झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि वर माळावर नवं वसलं, तेव्हा त्यांनी ‘कवडदरा सहकारी विहारधाम संस्था’ काढली. शेअर्स गोळा केले, बंगला बांधला, बाग लावली. होडी केली, पण ती चालवणारा माणूस त्या कोरड्या मुलखात कुठून मिळणार?

“पूल झाल्यावर काय वाळू वल्हवशील बे?” ते आसारामला म्हणाले. “चल माझ्या तळ्यावर. पगार हाय, खोली हाय.”

आसाराम गेला. भिवराबाईही मागून गेली, पण आठवडाभरच राहिली.

“हे पाणी कुठं जातच न्हाई,” ती म्हणाली. “रोज उठून तेच पाणी बघायचं. मला न्हाई करमत.”

“पगार हाय इथं.”

“मग बसा पगार घेऊन.”

ती गंगेकाठी भावाकडं परत गेली. आसारामला वाटलं, दोन महिन्यांत राग उतरेल. तो उतरला नाही, आणि हाही न्यायला गेला नाही.

पहिली वर्षं बरी गेली. बीडहून, औरंगाबादहून मोटारी यायच्या. फोटोवाला आला, कार्डं छापली, तळ्याला छापखान्यातच निळा रंग चढला. रविवारी तळ्यावर हसण्याखिदळण्याचा आवाज असायचा आणि सोमवारी आसाराम एकटा. गावातली माणसं त्याच्याशी तुटक वागत. त्यांची घरं या पाण्याखाली गेलेली. त्यावर पाहुण्यांना फिरवणारा माणूस त्यांना आपला वाटत नव्हता.

मग पाऊस गेला. एक वर्ष कमी पडला, दुसऱ्या वर्षी जवळजवळ पडलाच नाही. बहात्तर सालच्या हिवाळ्यात तळ्याचं डबकं झालं, मग चिखल, मग भेगा. बुडालेल्या गावाच्या भिंती आणि मारुतीचा पार उघडा पडला. आचारी गेला, माळी गेला. आसाराम जागचा हलला नाही. होडी काठावर आडवी पडली होती.

अशात एक नवं जोडपं सोलापुराहून आलं. नवऱ्याच्या हातात कार्ड.

“तळं कुठं आहे?” त्यानं विचारलं.

“हेच की,” आसाराम म्हणाला.

बाई बराच वेळ त्या भेगांकडं पाहत राहिली. रिकाम्या हातानं त्यांना परत पाठवायचं आसारामच्या जिवावर आलं. “चला, दाखवतो,” म्हणून त्यानं त्यांना तळ्याच्या तळातून पायी फिरवलं. इथं दोन पुरुस खोल पाणी होतं, इथं होडी वळायची, असं सांगत. ती दोघं मागून चालली आणि दुपारच्या मोटारीनं गेली.

त्या उन्हाळ्यात होडीच्या फळ्या सुटू लागल्या. लाकूड वाळलं की सांधे उघडतात. आसाराम टँकरच्या आपल्या वाट्याच्या पाण्यातून रोज बादलीभर पाणी होडीवर शिंपायचा. हे मंजुळाबाईनं पाहिलं. ती गावातली विधवा. दुष्काळी कामावर खडी फोडायची, आणि येताजाता उघड्या पडलेल्या आपल्या जुन्या घराच्या जोत्यावर घडीभर टेकायची.

“कावून रे बाबा?” ती कडाडली. “माणसं टँकरपुढं मरायलीत अन् तू लाकडाला पाणी पाजतोस?”

“माझ्या वाटचं हाय.”

“तुझं असलं म्हणून काय झालं?”

दुसऱ्या दिवशी त्यानं शिंपलं नाही. तिसऱ्या दिवशी ती आपणहून थांबली. फळीच्या फटीत बोट घालून तिनं पाहिलं.

“लई उलली की रे.”

“पावसाळ्यापत्तर टिकायची न्हाई.”

मग ती म्हणाली, “बाहेरून कावून ओततोस? आतून भर. चारा-छावणीतल्या जनावरांना हौद न्हाई. ती तरी पितील.”

मग दोघांनी छावणीतली माणसं बोलावली, होडी छावणीपर्यंत ओढत नेली, फटींत चिंध्या आणि डांबर भरलं. टँकरनं पाणी सोडलं. पहिल्या दिवशी निम्मं गळालं, पण चार दिवसांत लाकूड फुगलं आणि होडी पाणी धरू लागली. ढोरं दोन्ही बाजूंनी माना घालून प्यायची. गावानं आसारामला नावानं हाक मारायला सुरुवात केली ती तिथून.

पुढच्या वर्षी पाऊस आला. दोन पावसाळ्यांत तळं भरलं. होडी पाण्यात घातली. थेंबभर आत आलं नाही. आसाराम पटका धुऊन रविवारी धक्क्यावर बसला. कुणी आलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. तो बीडला मोहनरावांकडं गेला.

“आता फिरायला कोण येतंय बे?” ते म्हणाले. “सगळे साखर कारखान्याच्या मागं हायेत. तळ्याचं पाणी उसाला लागणार. तू बंगल्याकडं बघ, म्हणजे झालं.”

दसऱ्यानंतर मंजुळाबाई लेकासुनेबरोबर ऊसतोडीला निघाली. गाड्या भरताना तिनं विचारलं, “चलतोस का कोयत्यावर?”

“मला ऊस तोडता येत न्हाई.”

“आमाला तरी कुठं येत होता?”

तो हसला, पण गेला नाही. दोन वर्षं ती पावसाळ्यात परत आली. मग लेक कारखान्याजवळच राहिला, आणि तीही.

भिवराबाई गेल्याचा निरोप आला तो दहावा उरकल्यावर. आसाराम गंगेकाठी गेला. पूल झाला होता, नाव कुठं दिसत नव्हती. मेव्हण्यानं चहा दिला. कप खाली ठेवत आसारामनं विचारलं, “माझं काही म्हणायची का?”

“नाव न्हाई काढलं कधी,” मेव्हणा म्हणाला. “पण तुमच्याकडचा कुणी पाव्हणा आला की विचारायची, तळ्यात पाणी किती हाय म्हणून.”

आसाराम उठला. मेव्हणा जेवून जा म्हणत होता, पण त्यानं चपला पायात घातल्या आणि फाट्यावर येऊन कवडदऱ्याकडं जाणाऱ्या मोटारीची वाट पाहत उभा राहिला.