बुटावर पाणी ओतणारा शिपाई

पहिलंच सांगून टाकतो. भूत, भानामती, अंगात येणं… यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. अंगात आलेल्या बाईला चिमटा काढून बघणारा मी माणूस. शाळा म्हणाल तर निजामाच्या राज्यात उर्दूचे तीन वर्ग. मराठी लिहायला मागून शिकलो, चुकलं-माकलं सांभाळून घ्या. माझी बायको गंगू या पोळ्याच्या आधी वारली. तिच्याशी मी एक खोटं बोललो होतो. ते आता सांगितलं नाही तर माझ्यासंगच जळंल, म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव चुडाव्याच्या टेसनापासून पायी अर्ध्या तासावर. ही गोष्ट निजाम जाऊन सात-आठ वर्षं झाल्यावरची. गंगूचं माहेर गावातच. तिचा थोरला भाऊ सटवा लढाईत भरती होऊन बरम्याकडं गेला तो गेलाच. एक कार्ड आलं, मग काही नाही. मेल्याची तार नाही, जित्याचा निरोप नाही. मागं राहिली त्याची बायको कौसा, लग्नानंतर चार महिने नांदलेली. बारा वर्षं पोरीनं कुंकू लावून वाट बघितली.

आमच्याकडं रीत आहे. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की पळसाच्या तीनशे साठ देठांचा पुतळा बांधायचा, त्याला त्या माणसाचं नाव द्यायचं आणि नदीवर नेऊन जाळायचा. पुतळा जळाला की माणूस मेला. पुढं जिता दारात उभा राहिला तरी मेलेलाच. सासऱ्यानं अमावस्या धरली. घाई अशासाठी की जिंतूरकडचा एक चांगला माणूस, बायको वारलेला, कौसाशी पाट लावायला तयार होता. पण पुतळ्याला अग्नी दिल्याशिवाय पाट लागत नाही.

गंगूला हे अजिबात मंजूर नव्हतं. "माझ्या जित्या भावाला जाळायलेत," म्हणायची आणि भाकरी अर्धी टाकून उठायची.

अमावस्या नऊ दिवसांवर असताना आम्ही दोघं परभणीला गेलो. पुतळ्याला गुंडाळायचं पांढरं कापड घ्यायचं होतं. तिथं पत्र्याच्या टॉकीजात लढाईवरून परत आलेल्या शिपायांचा सिनेमा लागलेला. अख्ख्या बाजारात तोच विषय. कापड फाडता फाडता दुकानदार म्हणाला, "बाया रडून रडून पदर पिळायल्यात." झालं… गंगू अडून बसली.

"मला बघायचाय."

"कापड न्यायला आलो का पडदा बघायला?"

"बघायचाय म्हनले ना."

तीनच्या खेळाला बसलो. बायका लाकडी फळ्यांच्या आड, गडी इकडं. मशीन एकच, त्यामुळं रीळ संपलं की दिवे लागायचे. शिपायांची गाडी टेसनात येते, लोक हार घेऊन उभे असतात. एकाचा हात गेलेला, त्याची आई त्याला ओळखतच नाही. त्यावर गडीमाणसंसुद्धा नाक ओढायला लागली. माझ्या पुढं एक फेटेवाला म्हातारा होता, खरा लढाईला जाऊन आलेला. तो ताडकन उभा राहिला.

"झूट हाय हे समदं! आमाला न्यायला कुत्रं बी आलं नव्हतं!"

मागून कोणी ओरडलं, "कुत्र्याला बी आवड-निवड असती की, बाबा! बस खाली!"

सगळं टॉकीज हसलं. मीही मागं वळून हसलो. तेवढ्यात फळ्यांपलीकडून गंगूची किंकाळी आली, "दादा!" मी वळेपर्यंत रीळ संपलं, दिवे लागले.

बाहेर आणलं तर ती माझी बाही सोडेना. म्हणाली, "टेसनाच्या नळापाशी, समद्यांच्या मागं. पाठमोरा व्हता. पानी प्यायच्या आधी त्यानं अंगठ्यावर वतलं… उजव्या."

आता हे ऐकून घ्या. सटवाला लहानपणी विहिरीवर पाणी पिताना उजव्या पायाच्या अंगठ्याला विंचू चावला होता. तेव्हापासून पाण्याचा पहिला घोट त्या अंगठ्याला, मग तोंडाला. लोक त्याच्यावर हसायचे. असं करणारा दुसरा माणूस मी उभ्या आयुष्यात बघितला नाही.

तरी मला संशय गंगूचाच आला. तोंडावर बोललो, "पाट मोडायचाय तुला. पुतळा लांबवायला हा बहाणा काढलास."

ती रडली नाही, भांडली नाही. "तुमी आपल्या डोळ्यांनी बघा. मंग बोला."

दुसऱ्या दिवशी मी एकटा परत परभणीला गेलो. दारावरच्या म्हाताऱ्याला सरळच विचारलं, हा काय प्रकार आहे. खेड्यातला दिसला की शहरात पटेलच म्हणायचे. तो तिकीट फाडत म्हणाला, "पटेल, नांदेड में बी दो औरतां उठी थीं. हर गांव में किसी न किसी कू अपनावाला दिखताच है."

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, मनाचा खेळ आहे. घरी जाऊन हेच सांगायचं.

बाराच्या खेळाला अगदी पुढं बसलो. ते रीळ आलं आणि मी पापणी हलवली नाही. गाडी आली, हार पडले, तो आईचा रडवा सीन झाला. मग नळ आला.

…आणि तो होता.

पाठमोरा. ट्रंक डाव्या खांद्यावर. कोणी तरी तांब्या पुढं केला. त्यानं तो घेतला, उजवा पाय जरासा बाजूला टाकला आणि पाणी ओतलं. पायात बूट होते, तरी बुटाच्या टोकावर ओतलं. मग प्याला.  दिवे लागले.

मी घरी गेलो नाही, दुसरं तिकीट काढून तीनचा खेळ बघितला. तीच गाडी, तेच हार, तोच नळ. नळापाशी कोणी नाही! नुसती ओली जमीन, आत्ताच कोणी पाणी ओतून गेल्यासारखी.

तडक वर ऑपरेटरकडं गेलो. त्याची कॉलर धरली असंही म्हणा. "तुकडा कापलास तू! मधला माणूस कुठंय?"

तो घाबरला. रीळ दिव्यापुढं धरून एकेक चौकोन दाखवला. नळ, गर्दी, नळ. कुठं जोड नाही, कुठं काप नाही. "ऐसा आदमी इसमें हैच नै, पटेल. कसम से."

परतीच्या गाडीत मी सगळ्यांवर संशय घेतला. ऑपरेटरवर, दारावरच्या म्हाताऱ्यावर, सकाळी खाल्लेल्या पानावर. स्वतःच्या डोळ्यांवरसुद्धा.

घरी पोचलो तर ओसरीवर सासरे, गंगू आणि कौसा. कौसा खाली मान घालून नखानं जमीन उकरत होती. तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत ढिल्या झालेल्या. होता म्हणालो असतो तर पुतळा थांबला असता, पाटही. आणि ही पोर अजून बारा वर्षं अशीच जमीन उकरत बसली असती… एका पाठमोऱ्या चित्रासाठी.

गंगूनं विचारलं, "व्हता का?"

"न्हाई," मी म्हणालो. "नळ होता. माणूस नव्हता."

 गंगू हळूच म्हणाली, "नव्हता? मंग तिथनं उतरला असंल."

 खरं सांगतो, तीनच्या खेळातली ती ओली जमीन तिला मी सांगितलीच नव्हती.

अमावस्येपर्यंत ती रोज भरलेला तांब्या घेऊन चुडाव्याच्या टेसनावर गेली. येणाऱ्या प्रत्येक गाडीला. हमाल म्हणायचे, "गंगाबाई, सरकारनं पानीवाली नेमलं का तुला?" ती तांब्या सावरून पुढच्या डब्याकडं जायची. कोणी उतरलं नाही. निदान आम्हाला दिसलं तरी नाही.

पुतळा जळाला. कौसानं स्वतःच्या हातानं कुंकू पुसलं. पुढं रीतीप्रमाणे पाट लागला, ती जिंतूरकडं गेली, नांदली.

गंगू मात्र बदलली. "तुमाला दिसला न्हाई म्हंजे माझेच डोळे खोटे," एवढंच एकदा बोलली. त्यानंतर तांदळातले खडे निवडायचे तरी, "तुमी बघा." सून म्हणून पोरगी बघायला गेलो तरी, "तुमीच बघा, माझ्या डोळ्यांचं काय खरं." चाळीस-पंचेचाळीस वर्षं हेच. दर वेळी मला टोचायचं आणि दर वेळी मी गप्प बसायचो. शेवटच्या आजारातही हात धरून म्हणाली, "खरंच नव्हता का वो?" तेव्हा तरी सांगायचं! कौसाचे नातू सुद्धा मोठे झाले होते, काय बिघडणार होतं? पण इतक्या वर्षांचं खोटं तोंडातून निघेना. "झोप," म्हणालो. ती झोपली.

दहाव्याला कौसा एसटीनं आली. केस पांढरेशुभ्र, पाठ वाकलेली. सगळे पांगल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "कौसाबाई, मी खोटं बोललो होतो. त्या सिनेमात सटवा मला दिसला होता. अंगठ्यावर पाणी ओतताना."

ती जात्याला टेकून बसली.

"अंगठा कुठं, भाऊजी," म्हणाली. "बुटावर वतलं त्यानं."

 बुटाचं मी आजवर कोणाशीच बोललो नव्हतो.

"पुढच्या साली त्यो खेळ जिंतूरला तंबूत आला. मांडीवर लेक व्हती माझी, महिन्याची. बघितलं अन् लेकीला पदराखाली घेतलं."

"मग बोलली कावून न्हाईस? गंगूला तरी सांगायचं!"

कौसानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "अन् तुमी?"

तिला शेवटच्या गाडीला लावून दिलं. आम्ही दोघं परत त्यावर बोललो नाही.

आता वाचणाऱ्यांनी सांगावं. पडद्यावरचा तो कोणी नट असेल, तर बुटावर पाणी कशाला ओतंल? सटवा असेल, तर रिळात का नव्हता? आणि तिघांना दिसायला आला तर घरी का नाही आला? मला काही कळलेलं नाही, आता कळेल असंही वाटत नाही. फक्त नजरेची चूक होती असं कोणी लिहू नका. गंगूचे डोळे चांगले होते. एवढं तिला सांगायचं राहिलं.