नव्याची रजा

विद्यापीठात समान संधी कक्षाची प्रमुख झाले, दारावर पाटी लागली, आणि त्याच वर्षापासून मी नव्याला घरी जाणं सोडलं. नवं म्हणजे आमच्याकडे हळव्या, लवकर पिकणाऱ्या भाताचा पहिला तांदूळ. तो कापून, कांडून झाला तरी लगेच कुणी खात नाही. गावातली जाणती माणसं दिवस ठरवतात, पूजा होते, मगच घरात सगळ्यांना पळसाच्या पानावर वाढतात. जो घरी नाही त्याचाही वाटा निघतो. ओंजळभर तांदूळ पानात बांधून शिंक्यात टांगून ठेवायचा, तो येईपर्यंत.

आमच्या गावी, साखरशेतला, माझी आई याच्याही पुढची. माझा वाटा शिंक्यात आहे तोवर ती स्वतः नव्याला हात लावायची नाही. मी कधी पंधरा दिवसांनी उगवायची, कधी थेट दिवाळीत. तोवर घर नवा भात खायचं आणि ही बाई जुन्यावर. मी चिडायची, तर म्हणायची, "मला जुनाच गोड लागतो." खोटं बोलणं मी कुणाकडून शिकले ते यावरून कळेल.

कारण खोटं मीही बोलत होते, तेही लेखी. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी रजेच्या अर्जात खरं कारण लिहिलं होतं. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, "भात खायला गावी? मग इथं मेसमध्ये काय खातेस?" रांगेतल्या मुली हसल्या. मीही हसले, याची मला आजही लाज वाटते. तेव्हापासून दरवर्षी माझा अर्ज एकच असायचा: आई आजारी आहे. ती तिकडे धडधाकट, विळा घेऊन शेतात, आणि इकडे कागदावर मी तिला तापानं फणफणवत होते.

पुढे नोकरी लागली, कक्ष आला, आणि अर्ज करायलाही सवड उरली नाही. मी इतर विभागांत जाऊन समान वागणुकीवर तास-तास बोलायची. बोलायला काय जातंय!

अशात एका दुपारी आमच्याच भागातली, खोडाळ्याकडची एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होती, मुलींच्या वसतिगृहात राहायची. म्हणाली, "मॅडम, परवा आमच्याकडे नवं आहे. निरोप आजच आला." वसतिगृहाचा नियम मला पाठ होता. आठ दिवस आधी तारखेसह अर्ज हवा, आणि परवानगीशिवाय तीन दिवस गैरहजर राहिलं की खोली जाते. खोली गेली की हिचं शिक्षण संपलंच, कारण शहरात तिचं कुणी नव्हतं.

मी पॅड पुढे सरकवलं. "लिही, आई आजारी आहे. मी शिफारस करते."

तिनं पेन उचललं नाही. "माझी आई चांगली आहे, मॅडम. आज बाजाराला आली असेल. तिला मी कशाला आजारी पाडू?"

माझा राग तसा नाकावरच असतो. "मग जा, आणि बस खोली घालवून," मी म्हणाले. ती खरंच गेली. जाताना अर्ज ठेवून गेली. त्यात एकच ओळ होती: नवं खायला घरी जात आहे.

तो कागद दोन दिवस माझ्या टेबलावर पडून होता. चौथ्या दिवशी तिच्या खोलीला कुलूप लागलं. मी वसतिगृह समितीची बैठक बोलवायला लावली. एका सदस्यांनी विचारलं, "या सणाची तारीख काय? कॅलेंडरात तर दिसत नाही."

"भात पिकल्यावर ठरते," मी म्हणाले.

ते हसले. तेच हसू, रांगेतलं. पण या वेळी मी हसले नाही. मी सांगितलं की याच कारणासाठी मी पाच वर्षं खोटे अर्ज दिले, आणि चार दिवसांपूर्वी या मुलीलाही खोटंच लिहायला सांगितलं. समान संधी कक्षाची प्रमुख हे बोलते म्हटल्यावर सदस्यांनी नियमांचा कागद पुढे ओढला. तासाभराच्या वादानंतर तिची खोली परत मिळाली. पुढच्या वर्षापासून अशा घरच्या सणासाठी निरोप आला की निघायचं, खरं कारण लिहून द्यायचं, तारखेची अट नाही, असंही ठरलं.

मुलगी आली ती पानात बांधलेले मूठभर तांदूळ घेऊन. आभार वगैरे काही नाही. विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे झालं नवं?"

"झालं असेल."

"तुमचा वाटा ठेवला असेल ना?"

ती गेल्यावर दार लावून मी रडले. मला घर हवं होतं, चुलीजवळची आई हवी होती. तिच्याबरोबर तो भात खायला मिळावा, बाकी काही नको, असं झालं. मी रजेचा अर्ज लिहायला घेतला. कॉलेजच्या त्या पहिल्या अर्जानंतर पहिल्यांदाच खरं कारण लिहिलं: नवं खायला घरी जात आहे.

सही करायच्या आत भावाचा जव्हारहून फोन आला. आई अंगणात पडली होती, दवाखान्यात नेलं होतं, शुद्धीवर नव्हती. मी तो अर्ज फाडला आणि दुसरा लिहिला. आई आजारी आहे. हाताला सवय होती, एका झटक्यात लिहून झालं.

मी पोचले तोवर ती गेली होती. सगळं आटोपल्यावर वहिनीनं शिंकं खाली घेतलं. त्यात पानाच्या दोन पुड्या होत्या, एक माझी आणि एक तिची.

आता दरवर्षी भावाचा निरोप येतो आणि त्याच दिवशी मी निघते. अर्जात खरं लिहिते, कुणी हसत नाही. माझा वाटा शिंक्यात ठेवावा लागत नाही, मी वेळेवर पोचलेली असते.