एटीव्हीच्या ब्रेकमधली हवा

सोमवार, सकाळचे साडेदहा. अमरावती, परतवाडा रोड, नईमभाईंचं गॅरेज. मी बाकावर बसून चहा पीत होतो आणि समोर पिकअपमधून एक एटीव्ही उतरत होती.

तीस वर्षं बातमीदारी केली. बातमी छापून येते, रद्दीत जाते. बातमीत न मावलेलं मात्र डोक्यात साठत राहतं, आणि चार माणसं जमली की आपोआप बाहेर पडतं. या एका गाडीने मला जेवढं दिलं तेवढं अख्ख्या अधिवेशनाने कधी दिलं नाही!

एटीव्ही म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल असलेली, चार जाड चाकांची, चिखलातून नि ओढ्यातून जाणारी गाडी. एका सरकारी खात्याने ती धारणीकडच्या गावांत औषधांच्या पेट्या पोचवायला घेतली. खात्याचं नाव लिहीत नाही. मागे एकदा असंच नाव न लिहिता छापलं, तर दुसऱ्या दिवशी चार खात्यांचे फोन आले, "ते आम्ही नव्हे!"

गाडी चालवतो देवीदास. त्याने हँडलवरचा ब्रेकचा लिव्हर दाबून दाखवला. लिव्हर थेट हँडलला जाऊन टेकला.

"अरे, मग उतारावर थांबतोस कसा?" मी विचारलं.

"थांबत नाई भाऊ. चढ यायची वाट पायतो."

*

नईमभाईंनी हँडलवरची ब्रेक ऑईलची डबी उघडली. आत काळपट तपकिरी पाणी.

"हे ब्रेक ऑईल होय का टपरीवरचा चहा?"

"चहा असता तं हापिसात दिवसातून चारदा बदलला असता!" देवीदास म्हणाला.

नईमभाईंनी मला समजावलं. लिव्हर तेल ढकलतो, तेल ब्रेक दाबतं. हे तेल हवेतलं पाणी पितं. लांब उतारावर ब्रेक तापला की ते पाणी उकळतं, बुडबुडे होतात, आणि मग तुम्ही तेल नाही, बुडबुडे दाबत बसता. उपाय सोपा. जुनं तेल काढा, नवं भरा, नळ्यांतली हवा काढा. तासाभराचं काम.

तासाभराच्या त्या कामासाठी देवीदासने अर्ज केला होता पावसाळ्याच्या आधी. आता दिवाळीचे आकाशकंदील लागले होते!

*

मी तडक देवीदासच्या ऑफिसात, त्याच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. फाईल टेबलावरच होती. साहेब शांतपणे म्हणाले, "गाडी वर्षातले सहा महिने शेडमध्ये उभी असते. उभ्या गाडीचा ब्रेक खराब होईल कसा?"

मी म्हटलं, "तेल वापरून नाही, वयाने खराब होतं."

"तसं मेकॅनिककडून लेखी आणा."

परत येऊन नईमभाईंना सांगितलं. ते स्पॅनर खाली ठेवून म्हणाले, "लेखी काहून? साहेबाले म्हना, बरनी उघडी ठेवली तं लोनचं न खाताही बुरसते! तुमच्या घरी कोनी लेखी मांगते का?"

तरी मी लेखी नेलं. भांडलो. मंजुरी मिळाली.

*

मंजुरीनंतर भांडार. भांडारपालांचा नियम : जुनी वस्तू जमा केल्याशिवाय नवी मिळणार नाही.

"भाऊ, तेल हाय ते. टायर नाई," देवीदास रडकुंडीला आला.

"नियमात तेल वगळलेलं नाही."

शेवटी नईमभाईंनी जुनं तेल काढून पाण्याच्या बाटलीत भरलं. देवीदासने बाटली जमा केली, पावती घेतली. गाडी कोरडी पडून राहिली. आठ दिवसांनी भांडारातून कागद आला : 'साठा शिल्लक असल्याने नवीन खरेदीची आवश्यकता नाही.'

कागदासोबत तीच बाटली! फक्त आता तिच्यावर चिठ्ठी होती : 'ब्रेक ऑईल. सुस्थितीत.'

*

त्या दिवशी देवीदासच्या बायकोचा, सुनंदाचा, फोन आला. स्पीकरवर होता म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकला. "तुमी उद्या पेट्या घेऊन त्या धारणीच्या घाटात गेले तं परत घरी येऊ नका. आन् नाई गेले तं नोकरी जाईन, मंगही येऊ नका. मी सांजच्यापारी तेल घेऊन येतो."

आणि आली. सीलबंद डबा नईमभाईंच्या हातात ठेवला. "चाचा, मले फाईल नाई पायजे, नवरा पायजे."

नईमभाईंनी डबा कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी हवा काढायला सुरुवात झाली. देवीदास ऑफिसात हजेरीला गेलेला, म्हणून लिव्हरवर माझी नेमणूक झाली. काम एवढंच : 'दाब' म्हटलं की लिव्हर दाबून धरायचा. नईमभाई चाकापाशी निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, सैल करणार, पारदर्शक नळीतून तेल नि बुडबुडे बाटलीत उतरणार. निपल पुन्हा घट्ट झाला की मगच मी लिव्हर सोडायचा. आधी सोडला तर हवा परत आत.

सगळं सुरळीत चाललं होतं. बुडबुडे कमी होत होते. तेवढ्यात साहेबांचा फोन आला, "तुम्ही सारखं या गाडीच्या मागे का लागलात?" माझं डोकं फिरलं. दोन्ही हात हवेत!

नळीतून घुळ्ळ आवाज झाला. तासाभराची मेहनत पाण्यात.

नईमभाई चाकामागून वर आले. "भाऊ, तुमा पत्रकार लोकायचं हेच. दाबता तं जोरात, पन टिकवत नाई!"

*

याच गडबडीत नव्या तेलाचे दोनचार थेंब बॉनेटवर पडले. ब्रेक ऑईल रंग खातं. नईमभाईंनी धावत बादलीभर पाणी ओतलं, पण उशीर झाला होता. पोपडा निघाला, आणि निघाला तोही नेमका लोकार्पण करणाऱ्या पुढाऱ्याच्या नावाचा. आडनाव राहिलं, नाव गेलं.

ब्रेकच्या अर्जाला उत्तर यायला एक पावसाळा गेला होता. पोपड्याचा खुलासा मागणारी नोटीस त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी आली!

*

हवा पुन्हा पहिल्यापासून काढली आणि देवीदास गाडी घेऊन धारणीला गेला. पहिल्याच उतारावर मधोमध एक म्हैस बसलेली. त्याने लिव्हर दाबला. गाडी थांबली. म्हशीपासून दहा पावलांवर, गुपचूप.

खालच्या गावातली माणसं धावत वर आली. त्यांनी ही गाडी उतारावर थांबलेली कधी पाहिलीच नव्हती. एक म्हातारा धापा टाकत म्हणाला, "काय झालं बाप्पा? बंद पडली का?"

*

आणि आता शेवटचं.

पोपड्याच्या चौकशीत ऑफिसला कळलं की मंजुरी भांडारातल्या तेलाची असताना गाडीचा ब्रेक खासगी तेल भरून, परवानगीशिवाय दुरुस्त झालाय. सरकारी मालमत्तेशी छेडछाड! देवीदासला कारणे दाखवा. त्याने लिहिलं, 'ब्रेक लागत नव्हता, जीव जाण्याची भीती होती.' साहेबांनी प्रकरण अकोल्याच्या तीन जणांच्या समितीकडे पाठवलं. ब्रेक खराब होता हे सिद्ध झालं तर देवीदासची नोकरी राहणार. नाही झालं तर जाणार.

समितीचा आदेश आला. मी गॅरेजमध्ये मोठ्याने वाचून दाखवला : 'दुरुस्तीपूर्वी ब्रेक खरोखरच निकामी होता किंवा कसे, याची खातरजमा करण्यासाठी वाहन पूर्वस्थितीत आणावे व घाटातील उतारावर चालवून पाहावे.'

नईमभाईंनी फडक्याला हात पुसले. "म्हंजे मी आता हवा परत भरू?"

"भरा," देवीदास म्हणाला, "पन मी नाई बसत त्याच्यावर!"

खाली चाचणीचा तपशील होता. एक सदस्य घाटमाथ्यावर उभे राहतील. दुसरे पायथ्याशी, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर. तिसरे कार्यालयात, दूरध्वनीजवळ.

त्याखाली एक ओळ : 'वाहन चालविणार :' आणि पुढे टिंबं.

मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "ते अकोला ठरवेल." अकोल्याला केला. ते म्हणाले, "ते अमरावती ठरवेल." मी लेखी विचारलं, पोच घेतली.

आदेशावर सही आहे, शिक्का आहे, जावक क्रमांक आहे. टिंबांच्या जागी अजून कोणाचंच नाव आलेलं नाही.