सर्वांत ज्युनियर आधी

१९८७ च्या जानेवारीत मला मुलचेऱ्याजवळच्या एका इंजिनिअर कंपनीबरोबर अटॅच केलं गेलं. मी लष्कराच्या नर्सिंग सेवेत लेफ्टनंट होते. नोकरीला दीड वर्ष झालं होतं. कंपनी नदीवर बेली ब्रिज, म्हणजे लोखंडी भाग जोडून उभा करायचा पूल, बांधत होती आणि जोडीला आसपासच्या गावांसाठी मेडिकल कॅम्प चालवत होती. बायका पुरुष डॉक्टरपुढे बोलत नाहीत, म्हणून मला पाठवलं होतं. खरं तर मीही फारशी बोलत नव्हते. मी चंद्रपूरची, पण शाळा कॉन्व्हेंटची. घरात आईबाबा जी मराठी बोलत ती मला पूर्ण कळायची, मात्र बोलताना जीभ अडखळायची. कॅम्पातले जवान मला 'इंग्लिश सिस्टर' म्हणत. मला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणत, पण ऐकू यायचं.

दिवस ठरलेला असे. सकाळी आजारी जवानांची सिक परेड, मग गावकऱ्यांची ओपीडी, दुपारी ड्रेसिंग. कंपनी कमांडर मेजर सावंत संध्याकाळी पुलावरून एक फेरी मारत आणि भेटेल त्या जवानाला विचारत, "काय चुकतंय इथे?" 'काही नाही साहेब' हे उत्तर त्यांना चालत नसे.

ते दिवस तणावाचे होते. पश्चिम सीमेवर दोन्हीकडच्या फौजा समोरासमोर होत्या. शेजाऱ्याकडे अणुबॉम्ब आहे की नाही, यावर रोज पेपरात मोठे मथळे येत. आमच्या कॅम्पात पेपर दोन दिवस उशिरा यायचा, त्यामुळे भीतीसुद्धा उशिरा यायची. पण यायची.

पुलाच्या उद्घाटनासाठी एक राज्यमंत्री मुंबईहून येऊन फॉरेस्ट रेस्ट हाऊसवर उतरले होते. त्याच सुमारास पलीकडच्या गावाबाहेर एक मोठा पांढरा फुगा झाडात अडकला. त्याला एक पेटी लटकत होती. गावकऱ्यांनी फांद्या तोडून तो खाली काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातले सात-आठ जण आमच्या तंबूत आले. चेहरे सुजलेले, डोळे मिटलेले, हातांवर काळे डाग आणि डागांभोवती पाण्याने भरलेले फोड.

आमचे डॉक्टर एक अवघड बाळंतपण घेऊन चंद्रपूरला गेले होते. मी एकटीच होते. मी सगळ्यांचे टेम्परेचर आणि पल्स घेतले. ताप नाही, उलटी नाही. त्यांच्यात सोमाबाई कुमरे नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांचा एक डोळा पूर्ण बंद होता आणि दुसऱ्याने त्या मला न्याहाळत होत्या.

"काय झालं, बाई?" मी विचारलं.

"उतलं, दुसरं काय होईन?"

"दुखतं?"

"आगच आग होऊन राह्यली. तू काऊन इतकी भेलीस? आठ दिसात जाते. खोबऱ्याचं तेल आहे का तुह्याकडे?"

तेल होतं. मी लावलं. आमच्या घरी आई बिब्ब्याच्या झाडाखालून जायची नाही. तिला झाडाच्या सावलीनेही उततं, म्हणजे अंगावर फोड येतात, असं ती म्हणायची. फुगा कोणत्या झाडात अडकला होता, ते मी सोमाबाईंना विचारलं. त्या नुसत्या हसल्या, पण सुजलेल्या ओठांना ते हसणं झेपलं नाही.

मी रजिस्टरमध्ये 'काँटॅक्ट डर्मटायटिस, बिब्बा' असं लिहिलं आणि कामाला लागले.

तंबूत आणखी एक माणूस येऊन गेला होता. तहसीलदार कोकणातले होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनीही तेच विचारलं आणि त्यांनाही तेच उत्तर मिळालं, "अंग उतलं, साहेब." बिब्ब्याचं नाव कुणी घेतलं नाही. घ्यायची गरज कुणाला वाटली नाही. तहसीलदारांना मात्र उतू जाणारं दूध माहीत होतं. त्यांनी मंत्र्यांसाठी इंग्रजीत रिपोर्ट लिहिला. अज्ञात उपकरण हाताळणाऱ्यांची शरीरं उकळत आहेत, असं त्यात होतं.

दुपारी मला कॅज्युअल्टी स्टेट, म्हणजे जखमींचा तक्ता, घेऊन रेस्ट हाऊसवर बोलावलं. मी दाराशी उभी राहिले तेव्हा तहसीलदार तो रिपोर्ट मोठ्याने वाचून संपवत होते. आत मंत्री, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, स्थानिक आमदार, तहसीलदार आणि मेजर सावंत होते. आमदारांना सगळे नामदेवभाऊ म्हणत. ते वडशाकडचे, भाताच्या व्यापारातले. कोपऱ्यात आमचा ऑपरेटर, नाईक हुद्द्याचा यादव, रेडिओ सेट घेऊन बसला होता. टेलिफोनची लाईन बंद होती आणि त्या भागात चालू असलेला सेट तेवढा एकच होता.

"हा किरणोत्सर्ग आहे," अध्यक्ष म्हणत होते. "शंकाच नाही."

"चाचणी घेतली असणार," तहसीलदार म्हणाले.

"चाचणी नाही, इशारा आहे," मंत्री म्हणाले. "कोळसा इथे, वीज इथे, दारूगोळा इथे. त्यांना सगळं ठाऊक आहे."

प्रत्येक जण आधीच्यापेक्षा एक पाऊल पुढचं बोलत होता आणि बाकीचे माना हलवत होते. नामदेवभाऊही हलवत होते, पण त्यांची नजर चहाच्या कपात होती. दहा मिनिटांपूर्वी जी शंका होती, ती आता माहिती झाली होती.

कागद तयार झाला. पहिल्या भागात दिल्लीसाठी मेसेज होता की, शत्रूच्या आण्विक उपकरणाने नागरिक जखमी. दुसऱ्या भागात आदेश होता. गाव संध्याकाळच्या आत रिकामं करायचं. दूषित म्हणून घरं आणि कापून रचलेले धानाचे पुंजणे जाळायचे, गुरं मारायची. मळणी व्हायची होती. गावाचं वर्षभराचं अन्न त्या पुंजण्यांत होतं.

मंत्र्यांनी सही केली. "मेजर, पाठवा."

यादवने हेडफोन चढवला. "अल्फा वन, अल्फा वन, मेसेज फॉर यू. फ्लॅश. ओव्हर."

सेटमधून खरखर आली. "अल्फा वन. सेंड. ओव्हर."

"वेट," मेजर सावंत म्हणाले.

"वेट, आऊट," यादवने सेटवर सांगितलं.

मंत्र्यांनी वर पाहिलं. "वेट कशासाठी?"

"एक पद्धत आहे, सर. कोर्ट मार्शलमध्ये मत घेताना सर्वांत ज्युनियर मेंबरला आधी विचारतात. सीनियरचं ऐकून त्याने मत बदलू नये म्हणून. इथे गाव जाळायचं आहे. पाच मिनिटं द्या."

"इथे ज्युनियर कोण आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

मेजरनी दाराकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं.

"लेफ्टनंट, तुम्ही पेशंट पाहिलेत. बोला."

मी इंग्रजीत सुरुवात केली, "सर, इन माय ओपिनियन..." आणि थांबले. 'उतलं' या शब्दाला माझ्याकडे इंग्रजी नव्हतं. मग घरात बोलतो तसं बोलले.

"सर, त्यांना बिब्बा उतला आहे."

सेटची खरखर चालू होती.

"फुगा बिब्ब्याच्या झाडात अडकला होता. फांद्या तोडताना चीक अंगावर उडाला. ताप नाही, उलटी नाही. सकाळी तेल लावलंय. गावकरी 'उतलं' म्हणाले, ते बिब्ब्याचं उतणं, सर. उकळणं नाही."

तहसीलदारांनी आपला रिपोर्ट उचलला, पुन्हा वाचला आणि उलटा ठेवला.

नामदेवभाऊंनी कप खाली ठेवला. "मले बी तसंच वाटलं होतं."

मंत्री त्यांच्याकडे वळले. "मग बोलला का नाहीत?"

"मले वाटलं तुमच्याकडे दिल्लीहून काई खबर असन. इतके साहेब लोक म्हणून राह्यले. म्या बिब्ब्याचं नाव काढलं असतं तर म्हटले असते, हा जंगलातला आमदार."

"आणि मी समजलो, तुम्ही इथले. तुम्ही मान हलवताय म्हणजे खरंच असणार."

"अध्यक्षसाहेब, तुमचं काय?" मेजरनी विचारलं.

अध्यक्ष म्हणाले, "आमच्या पोराले मागच्या साली उतला होता. हुबेहूब असाच."

यादव सेटकडे तोंड करून हसत होता. त्याच्या खांद्यांवरून कळत होतं.

"पण पेटीचं काय?" मंत्र्यांनी विचारलं. आवाज उतरला होता, तरी प्रश्न बरोबर होता. पेटीजवळ अजून कुणीच गेलं नव्हतं. पोलिसांनी लांबूनच दोर बांधला होता.

"मी बघून येतो," मेजर म्हणाले आणि जीपने निघाले. मी आणि सेट घेतलेला यादव मागे बसलो. त्यांनी आम्हाला दोराबाहेर थांबवलं, एकटे आत गेले, पेटीभोवती एक चक्कर मारली, गुडघ्यावर बसले आणि दोन बोटांनी ती उलटी केली. चिखलाखाली हिंदी आणि इंग्रजीत छापलं होतं की, हे हवामान मोजण्याचं यंत्र आहे, यापासून धोका नाही.

ते उठले आणि पँटचा चिखल झटकला. "यादव, अल्फा वनला सांग, कॅन्सल."

"कारण विचारतील, साहेब."

"सांग, वेदर क्लिअर."

परतताना मला भूक लागली होती, इतकी की तशी पुढे क्वचितच लागली. रेस्ट हाऊसवर मंत्र्यांनी तो कागद स्वतः चार तुकडे करून चुलीत टाकला. दुसऱ्या दिवशी पुलाचं उद्घाटन वेळेवर झालं. मंत्री फीत कापत असताना नामदेवभाऊ मला म्हणाले, "बाई, तुमी तर बोलता की."

त्याच वर्षी पावसाळ्यात कंपनी शांतिसेनेबरोबर श्रीलंकेला गेली. मी गेले नाही. पुढचं मला यादवने सांगितलं. एका रस्त्यावर काफिला थांबवून मेजर सावंतांनी नेहमीसारखं विचारलं, सर्वांत ज्युनियर आधी. इंजिनिअर दलात शिपायापासून मेजरपर्यंत सगळे स्वतःला सॅपरच म्हणवतात. त्यातला एक नवा सॅपर म्हणाला, "साहेब, पुढची माती ताजी वाटते." सीनियर जेसीओंना, म्हणजे जुन्या सुभेदारांना, तसं वाटत नव्हतं. मेजरनी सगळ्या गाड्या मागे घ्यायला लावल्या आणि बघायला एकटे पुढे गेले. सॅपरचं बरोबर होतं. मातीखाली सुरुंग होता.

गेल्या वर्षी मी सेवा सोडली. या हिवाळ्यात त्या गावाला जाऊन आले. पुंजणे अंगणाबाहेर उभे होते. ती थर्माकोलची पेटी सोमाबाईंच्या पडवीत आहे आणि तीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. सोमाबाईंनी मला ओळखलं. चहा ठेवला.

"तो मिशीवाला साहेब कुठी आहे आता? ज्यानं पेटी पलटवली तो."

मी सांगितलं. माती, सॅपर, गाड्या, सगळं. त्या चुलीतली लाकडं आत सारत ऐकत होत्या.

"मंग बाकीचे?"

"आले."

"सारेच?"

"सारेच."

त्यांनी दोन कप भरले, मग तिसरा भरला आणि पेटीशेजारी भिंतीला लावून ठेवला. साहेबाचं नाव विचारलं.

मेजर सावंत, मी सांगितलं. सॅपर.